अण्णांच्या वाट्याची साल

भानुदासअण्णा टपरीवर कधी भजी मागत नाहीत. भज्यांसाठी चिरलेल्या कांद्यांच्या साली मागतात. टपरीवाला त्या पिशवीत भरून देतो. घरी गेल्यावर अण्णा त्या धुऊन पाण्यात उकळतात आणि ते तांबूस पाणी बशीत ओतून, फुंकर घालत पितात. भरतासाठी भाजलेल्या वांग्याची काळी साल निघाली की तीही त्यांची. "खरा माल वर आसतो," हे त्यांचं पेटंट वाक्य.

अण्णा सहकारी साखर कारखान्यात चिटबॉय होते, म्हणजे ऊसतोडीची चिठ्ठी शेतकऱ्याच्या हातात देणारा माणूस. हंगामात लोक त्यांना बांधावर बोलावून चहा पाजत. मग दुष्काळ पडला, ऊस वाळला, कारखान्याचं धुराडं थंड झालं. आता अण्णांना कुणी बोलावत नाही. गावात ते स्वतःहून हिंडतात आणि भेटेल त्याला फ्लेवोनॉइड समजावून सांगतात.

हा शब्द त्यांना आमच्या दैनिकाने दिला. आरोग्याच्या पानावर लेख आला होता. फळं, भाज्या, चहा यांत ही द्रव्यं असतात. पुष्कळदा सालीत आणि सालीलगत जास्त. ती भरपूर खाणाऱ्यांमध्ये हृदयाचे विकार कमी दिसतात, पण ते यांच्यामुळेच की एकूण आहारामुळे, हे अजून नक्की व्हायचं आहे. यातलं शेवटचं वाक्य अण्णा कुणालाच सांगत नसत.

गावच्या विकास सोसायटीच्या सभेची बातमी घ्यायला मी गेलो होतो. चेअरमन पाण्याच्या टँकरच्या खेपांवर बोलत असताना अण्णा उठले.

"चेअरमनसायब, गावातली समदी साल शेरडाच्या तोंडात चालली. ह्यावर ठराव घ्या."

"भान्या, शेरडांना तरी जगू दे की बे!" त्यांच्या वयाचा कुणीतरी मागून ओरडला.

"शेरडाला कधी हार्ट अटॅक आल्याचं आयकलंय का बे?"

सभा खदखदून हसली. ठराव मात्र झाला नाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी प्रयागकाकू टायफॉइडमधून उठल्या होत्या. ताप गेला होता, पण अंगात ताकद भरत नव्हती. डॉक्टरांनी नीट खायला सांगितलं होतं. अण्णांनी दिंद्रुडच्या बाजारातून मोसंबी आणली होती. बागा जळालेल्या, त्यामुळे मोसंबी तेव्हा दुर्मिळच होती. काकू भिंतीला टेकून ती सोलत होत्या. साल आणि तिच्या आतला पांढरा पापुद्रा अण्णांच्या ताटलीत, फोडी स्वतःसमोर. अण्णा चघळत होते. डोळ्यांत पाणी आलं होतं.

"लई कडू हाय का?" काकूंनी विचारलं.

"कडू हाय म्हणून तर गुण हाय."

मला चुकीची माहिती ऐकवत नाही. मी म्हणालो, "अण्णा, तसं फोडींमध्येही—"

"टँकर आला वाटतं!" अण्णा ताडकन उठले आणि माझा दंड धरून मला बाहेर घेऊन गेले. बाहेर टँकर नव्हता.

"सायब, घरात आसलं काई बोलू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "जल्मभर ती मला वाढून उरलेलं खात आली. दवाखान्यातून आणली, मोसंबी दिली, तर फोडी माझ्याकडं सरकवायची. तुमी हिंडता-फिरता, तुमाला ताकद पायजे म्हणायची. रागावलो, हात जोडले. न्हाई म्हणजे न्हाई. मंग तुमच्या पेपरात ते आलं. म्हणलं, खरी ताकद सालीत हाय. तवापासून साल मला देती. फोडी वाया जाऊ नयेत म्हणून आपुन खाती."

"आणि ते कांदे? सभेतला ठराव?"

"गावभर बोंबललो न्हाई तर तिला खरं कसं वाटंल? बाया घरी येतात, तुझा नवरा आसं म्हणत होता म्हणून सांगतात."

आम्ही आत आलो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, तुमी पेपरवाले. हे म्हणतात ते खरं हाय का? आसली चीज सालीतच आसती?"

अण्णा दारातच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"सालीत जास्त असते, काकू," मी म्हणालो.

"आन फोडीत?"

"त्या मानाने कमी."

दोन्ही उत्तरं बरोबर होती. काकूंचं समाधान झालं. त्यांनी दुसरी मोसंबी घेतली. फोडींवर पांढरा धागासुद्धा राहू नये अशी निगुतीने सोलली आणि सगळं अण्णांच्या ताटलीत ठेवलं.

"घ्या. ठिवू नका काई."

मग त्यांनी एक फोड तोंडात टाकली. रस हनुवटीवर ओघळला. तो पदराने पुसून त्यांनी लगेच दुसरी उचलली. ती संपायच्या आत तिसरी. अण्णा चघळायचे थांबून त्यांच्याकडे बघत राहिले.