शिमकेंतला, इस्तंबूलमार्गे

कझाकस्तानातल्या शिमकेंतला कलामकासच्या भावाच्या घरी भाचीची पाठवणी होती आणि तिच्या नवऱ्याला, बेकझानला, अल्माटीहून तिथे फुकट जायचं होतं. खाणीच्या यंत्रांच्या कामासाठी परदेशी फिरून त्याने एका विमान कंपनीचे भरपूर माइल्स, म्हणजे फुकट तिकिटासाठीचे गुण, साठवले होते आणि ते महिनाअखेर बुडणार होते. त्या काळजीने त्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

अडचण एवढीच, की ती कंपनी अल्माटीहून थेट शिमकेंतला जात नव्हती. संगणकाने बराच विचार करून एक मार्ग सुचवला: अल्माटी ते इस्तंबूल, तिथून शिमकेंत.

"अहो, रात्री रेल्वेत बसलं की सकाळी शिमकेंत येतं," कलामकास म्हणाली.

"रेल्वेला पैसे पडतात," बेकझान म्हणाला.

पडद्यावर दोन जागा दिसत होत्या. पासवर्ड आठवेपर्यंत पान बंद पडलं. पुन्हा उघडलं, तर फोनवर आलेला आकडा भरायची मुदत टळली होती. तो उठला, खोलीत येरझाऱ्या घातल्या, पुन्हा बसला. शेवटी सगळं जुळलं तेव्हा एकच जागा उरली होती आणि तिच्यावरचा कर रेल्वेच्या तिकिटापेक्षा जास्त होता. तीही जाईल या धास्तीने त्याने बटण दाबलं. कलामकासने स्वतःचं रेल्वेचं तिकीट काढलं.

ती पोहोचली, भावाच्या घरी पीठ मळलं, मांस चिरलं, पाहुण्यांना चहा दिला. त्या वेळी बेकझान इस्तंबूलच्या विमानतळावर एका खांबाला टेकून सूचनांचा फलक वाचत होता. पुढचं विमान उशिरा होतं. बाहेर पाऊस आहे की ऊन, हेही त्याला कळलं नाही.

तो शिमकेंतला उतरला तेव्हा पाठवणीचं जेवण सुरू झालं होतं. दारातच मेहुण्याने त्याला मिठी मारली. "दाजी, एवढ्या लांबून आलात." त्याला थेट मानाच्या जागी बसवलं आणि सर्वांत मोठ्या पाहुण्यालाच देतात ते मेंढ्याचं शिजवलेलं डोकं कापायला त्याच्यापुढे ठेवलं.

चहा द्यायला आलेल्या कलामकासला त्याने हळूच विचारलं, हे काय चाललंय.

"तुम्ही कामासाठी इस्तंबूलला होता आणि पोरीसाठी धावत आलात, असं सांगितलंय मी," ती कुजबुजली. "खरं सांगायची लाज वाटली."

बेकझानने मान खाली घालून सुरी उचलली. म्हाताऱ्यांनी इस्तंबूलबद्दल विचारलं. मोठं शहर आहे, गर्दी फार, असं त्याने सांगितलं. मग नवरीची आईकडची आजी पुढे सरकली आणि आतोबांनी तिकडून पोरीला काय आणलं, असं तिने मायेने विचारलं. सगळ्यांची नजर त्याच्या पिशवीकडे वळली. पिशवीत विमानात मिळालेले मोजे होते.

"माझ्याकडे दिलंय त्यांनी," कलामकास म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिने डोक्यावरचा रुमाल कानांवर घट्ट ओढून घेतला होता आणि हातात कागदात गुंडाळलेली चांदीची कर्णफुलं होती. मागच्याच वर्षी तिने ती अल्माटीच्या बाजारात घासाघीस करून घेतली होती.

आजीने ती उजेडात धरून उलटसुलट पाहिली.

"पाहिलंत?" ती शेजारणीला म्हणाली. "असं काम आपल्याकडे होत नाही."