दार कुणी लावायचं?

"मी एक दिवस आलो नाही ना, तर हा कारखाना दुपारच्या जेवणाआधी बंद पडेल!"

मधलेकाकांचं हे ठाम मत होतं आणि ते भेटेल त्याला ऐकवत. कुणी भेटलं नाही तर दाढी करताना आरशाला ऐकवत.

कारखाना खुर्च्यांचा. मालक कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांनी जाहीर केलं, की आजपासून प्रत्येक विभाग स्वतंत्र! सुतारांचं सुतारांनी ठरवायचं, गादीवाल्यांचं गादीवाल्यांनी, पॉलिशवाल्यांचं पॉलिशवाल्यांनी. पहिल्याच आठवड्यात सुतारांनी मनाला येईल तेव्हा रंधा मारला आणि भुसा उडून ओल्या पॉलिशवर बसला. खुर्च्यांना दाढ्या आल्या! गादीवाल्यांनी फोम जाड केला, त्याच दिवशी सुतारांनी पाय उंच केले. नमुन्याच्या खुर्चीत बसल्यावर मालकांचे पाय लहान मुलासारखे लोंबकळले. मग मालकांनी तिन्ही विभागांच्या मधोमध काचेची एक खोली बांधली आणि तिच्यात एक माणूस बसवला. तेच हे मधलेकाका. त्यांचं खरं आडनाव पगाराचा कारकून सोडून सगळे विसरले होते.

काका कामाला पक्के. पॉलिश ओलं असलं की सुतारांकडे जाऊन हळूच म्हणायचे, "आज सरस लावायचं काम उरकून घेता का?" हुकूम नाही, सूचना! सुतारांना वाटे आपणच ठरवलं. असं सगळ्यांना वाटे, म्हणून तर कारखाना सरळ चाले.

पण मंडळी, मधे बसणाऱ्याचं एक दुखणं असतं. तो कुणातच नसतो. जेवायच्या सुट्टीत सुतारांना वाटे काका गादीवाल्यांत जेवतात, गादीवाल्यांना वाटे पॉलिशवाल्यांत, आणि पॉलिशवाले समजत की सुतारांचा डबा भारी असतो, काका तिकडेच असणार. काका काचेच्या खोलीत एकटेच पोळीभाजी खात. काकू गेल्यापासून घरीही तेच चाललं होतं. लोक दिवसभर त्यांच्याकडे येत, पण ते दुसऱ्याची तक्रार घेऊन. "काका, तुमचं कसं चाललंय?" असं विचारायला कुणी येत नसे, आणि ते त्यांना फार लागे.

शेवटी एका सकाळी त्यांनी मालकांना कळवलं, "ताप आलाय, आज येत नाही." ताप कसला! ठणठणीत होते. नऊच्या ठोक्याला इस्त्रीचा शर्ट घालून, मोबाइल समोर ठेवून बसले. आता येईल फोन! आधी सुतार रडतील, मग गादीवाल्या बाई.

फोन येईना. काकांनी तो बंद करून चालू केला, खिडकीत नेला, पुसला. आणि वाजला!

"नमस्कार, पाण्याच्या फिल्टरबद्दल दोन मिनिटं बोलू का?"

"बोला ना! सावकाश बोला," काका म्हणाले आणि नळाचं पाणी, काकूंचा जुना माठ, गुडघेदुखी असं सगळं सांगत सुटले. शेवटी ती मुलगीच काकुळतीला आली. "काका, मला बाकीचे फोन पण करायचेत हो!"

अकरा वाजले. फोन नाही याचा अर्थ काय? आपल्यावाचून काही अडत नाही? त्यांना राहवेना. बाहेरून कुलूप घातलं तर शेजाऱ्यांना कळेल आणि तापाचं बिंग फुटेल, म्हणून आपोआप बंद होणारं दार नुसतं ओढून घेतलं आणि निघाले. वाटेत सबब तयार केली, चष्मा विसरलो म्हणून. चष्मा नाकावरच होता.

कारखान्यात शुकशुकाट! सरसाचं भांडं एकटंच रटरटत होतं. काकांनी धावत जाऊन बटण बंद केलं.

"अहो, माणसं कुठायत?" त्यांनी पहारेकऱ्याला विचारलं.

"तीन घोळक्यांनी गेली. एकमेकांना न सांगता! मला वाटलं, तुम्हीच पाठवलंत."

एवढ्यात मालकांची गाडी आली. "मधले! ताप ना तुम्हाला? बरं झालं आलात! तासाभरात हॉटेलवाले कारखाना बघायला येताहेत. तीनशे खुर्च्यांचं काम आहे. माणसं कुठायत?"

"आणतो," काका म्हणाले आणि काचेच्या खोलीत शिरून त्यांनी थोरल्या सुतारांना फोन लावला.

"काका?" पलीकडून सुतार कुजबुजले. "कुठून बोलताय?"

आता या प्रश्नाला खरं उत्तर देता येईना. "घरून! अंथरुणातून!"

"घरून? मग दार उघडता का?"

"कसलं दार? मला उठवत नाहीये! तुम्ही आधी कारखान्यात पोचा, सगळे पोचा, मालक आलेत!" आणि काकांनी फोन ठेवला. गादीवाल्या बाईंना आणि पॉलिशवाल्याला हाच निरोप गेला. तिघांच्याही मागे एकच गलका ऐकू येत होता. सगळे मिळून कुठेतरी मजा मारताहेत, आणि आपल्याला कुणी बोलावलं नाही! मंडळी पुढच्या फाटकातून आत शिरायला लागली, तसे काका मागच्या फाटकाने निसटले.

जिना चढून वर आले आणि थबकले. घराला दार नव्हतं! दार भिंतीला टेकवून ठेवलेलं. उंबऱ्यात स्टूल टाकून समोरच्या वहिनी राखण करत बसलेल्या.

"कुठे होतात हो तुम्ही?" त्या कडाडल्या. "अख्खा कारखाना आला होता तुम्हाला बघायला! तीन टोळ्या, आणि इथे जिन्यात एकमेकांना बघून चाट! प्रत्येकाला वाटलेलं, आपल्यालाच सुचलं."

"फोन का नाही केला कुणी?" काकांचा आवाज बारीक झाला.

"दुसऱ्यांनी केला असेल असं वाटलं त्यांना. आणि तुम्ही म्हणालात, उठवत नाही! सुतार घाबरले बिचारे, दारच उतरवलं. आत बघतात तर अंथरूण रिकामं! गादीवाल्या बाई रडायलाच लागल्या. मग म्हणाल्या, आजारी माणूस हिंडायला जातो का? आणि रागारागाने तुमची गादी उसवून कापूस पिंजायला बसल्या. तेवढ्यात खुद्द मालकांचाच फोन आला, गेले सगळे पळत."

काका उतरवलेल्या दारासमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या दाराशी इतकी माणसं आली होती, आणि त्यांनीच एकेकाला फोन करून हाकलून दिलं होतं. कारखाना जेवणाआधी बंद पडला होता खरा, पण आता हे कुणाला ऐकवणार?

"आणि दार?" त्यांनी विचारलं.

"सुतार म्हणाले, नवी बिजागरी आणतो. पॉलिशवाला म्हणाला, उतरलंच आहे तर आधी पॉलिश, मग बिजागरी. भांडलेच! शेवटी म्हणाले, काका आले की ठरवतील."

संध्याकाळी जिन्याने जाणारा येणारा आत डोकावला. "काका, दार कुठे गेलं?" असं विचारत वरचे मास्तर आत आले आणि चहा घेऊन गेले. वहिनी वाटीभर आमटी ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर सुतार बाजू मांडायला आले आणि तासभर बसले. ते गेले, तर पॉलिशवाला आला. गादीवाल्या बाई पिंजलेली गादी शिवायला आल्या आणि तापाच्या थापेबद्दल चांगला अर्धा तास बोलल्या. काकांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि त्यांना आणखी चहा दिला.

तसा हा तंटा दोन मिनिटांचा. एरवी काकांनी तो पोळी खाता खाता मिटवला असता. पण या खेपेला त्यांना फार खोलात जाऊन विचार करावा लागतोय. महिना होत आला, कुणी विचारलं की ते गंभीर चेहरा करून म्हणतात, "दोन्ही बाजू अजून नीट ऐकून व्हायच्यात. उद्या घरी या, बोलू."