पाहुण्यांसाठी मशीनची कॉफी

"उदगीरच्या पाहुण्यांनी जन्मात प्यायली नसंल, अशी कॉफी पाजतो का न्हाई बघ!" दालमिलवाले चंद्रप्पा बायकोला, शिवकांताबाईंना म्हणाले आणि त्यांनी एस्प्रेसो मशीन ओट्यावर मांडलं. त्याच्यापायी बिचाऱ्या मिक्सरची रवानगी माळ्यावर झाली.

लेक शिवलीलाला पाहायला मडिवाळप्पा सहकुटुंब येणार होते. मुलगा बंगळुरात नोकरीला. मशीनच्या कॉफीशिवाय त्याचं पान हलत नाही, एवढी खबर चंद्रप्पांनी काढली होती. आधीची दोन स्थळं 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच. त्यात हा मुलगा शिवलीलाला फोटोतच आवडला होता. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नव्हतं!

अडचण एकच, पाणी. लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो हा उन्हाळा. टँकरचं पाणी इतकं गढूळ, की नुसतं उकळलं तरी चहा म्हणून खपावं! आणि मशीनवाल्यानं तर बजावलं होतं, "आत गाळ गेला की मशीन बसलं म्हणून समजा!"

गढूळ पाण्याला आपल्याकडं औषध एकच, तुरटी. सकाळी शिवकांताबाईंनी हंड्यात तुरटी फिरवली. आईनं फिरवली हे ठाऊक नसल्यानं दुपारी शिवलीलानंही फिरवली. तरी चंद्रप्पांचं समाधान होईना! कोणी बघत नाहीसं पाहून त्यांनी मशीनची टाकी त्याच पाण्यानं भरली आणि उरलेला अख्खा खडा आत सोडला.

पाहुणे आले. येताना पाण्याचे दोन कॅन घेऊन आले. त्या उन्हाळ्यात पेढ्यांपेक्षा हीच भेट मोलाची होती.

मशीन घुरघुरलं. एकेक घोट कॉफी गळू लागली.

"असं तर दिवस मावळंल!" चंद्रप्पा वैतागले. माणसागणिक वेगळा कप करायची आपल्याकडं रीत कुठंय? त्यांनी सगळी कॉफी तांब्यात जमवली आणि पातेलंभर उकळत्या दुधात एकदम ओतली.

दूध फाटलं!

"अगं बाई! टाकीत काय घातलं हो तुम्ही?"

"थोडी... तुरटी."

"अन् हंड्यात म्या फिरवलेली?"

"मी बी फिरवली होती, आई," शिवलीला पुटपुटली.

तेवढ्यात बाहेरून मडिवाळप्पांचा आवाज आला, "चंद्रप्पा, वास तर लई झकास यायलाय!"

तिसरं स्थळही गेलं! चंद्रप्पा पातेलं मोरीत ओतायला निघाले, तशी शिवलीला आडवी आली.

"बाबा, टँकरच्या दिवसांत काही सांडायचं न्हाई!" तिनं त्यात साखर ओतली, वेलदोडा घातला आणि ढवळ ढवळ ढवळलं. दूध आटलं, दाणा धरला, आणि बशांमधून तपकिरी कलाकंद बाहेर गेला.

चंद्रप्पा दाराआड देवाचा धावा करत उभे.

मुलानं एक घास घेतला. दुसरा घेतला. मग वडिलांची बशीही ओढून घेतली! "बाबा, कॉफीचा कलाकंद! बंगळुरात सुद्धा मिळत न्हाई!"

"पोरगी पसंत हाय!" मडिवाळप्पांनी जाहीर केलं. "फक्त ते घुरघुरणारं यंत्र आंदणात देऊ नका, म्हंजे झालं!"

चंद्रप्पांच्या जिवात जीव आला. अपमान त्यांना कधीच इतका गोड लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना त्यांच्या गालाला पातं लागलं. "अगं, तुरटी कुठंय?" त्यांनी हाक मारली.

आतून शिवकांताबाई म्हणाल्या, "व्याह्यांच्या पोटात!"