मैनाऊंनी भोपळ्यास हसविले, त्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस नमन, आणि चुलीतल्या अग्नीसही नमन, ज्याच्या कृपेने हे राज्य भयातून सुटले. शके सोळाशे एक्काहत्तर, शुक्ल नाम संवत्सर, आश्विन मास. त्या साली जे वर्तले ते आम्ही डोळां पाहिले, सबब निःशंक लिहितो.

राजे हैबतराव गादीवर असतां पावसाळ्याच्या अखेरीस ज्वराची साथ आली, आणि घरोघरची लेकरे घेऊन गेली, आणि राजवाड्यासही तिने सोडिले नाही. राजांचे पुत्र सर्जेराव, आठ वर्षांचे, निवर्तले. मग साथ सरली, परंतु भय राहिले. गावात गोमाजी नामे देवऋषी होता, त्याने सांगितले की, गेलेली लेकरे वेशीवरल्या चिंचेवर बसली आहेत, आणि दिवेलागण होतांच उरलेल्यांस न्यावयास उतरतात. हे ऐकोन आयाबाया उन्हे कलतांच दारे लावू लागल्या, आणि मुलांचे खेळणे बंद जाहले, आणि दिवाळी चार दिवसांवर आली तरी एका घरी भाजणीचा वास नाही. सर्जेरावांची धाकटी बहीण मैनाऊ सहा वर्षांची, तिने तर अन्नच टाकिले. दूधभात पुढे केला तर तोंड फिरवी आणि आईचा पदर धरून विचारी, "आऊसाहेब, दादा मला न्यायला येणार का?" राणी दुर्गाऊसाहेब मोठ्या धीराच्या, त्या लेकीस कवटाळून रात्रभर जागत.

मग गोमाजी दरबारी आला आणि अर्ज केला की, नरकचतुर्दशीस भुतांचे बळ थोर, तरी त्या दिवशी सगळ्या राज्यात दारे बंद राहावी आणि मुलांस अंधाऱ्या खोलीत निजवावे. राजे पुत्रशोकाने खचलेले, ते हुकूम देणार, इतक्यात दुर्गाऊसाहेब पडद्यामागून बोलत्या जाहल्या, "महाराज, दारे लावून ज्वर अडला नाही, भय कसे अडेल? माझी लेक सुकत चालली आहे. हा सण मजकडे द्या."

राजे म्हणाले, "तुम्ही काय करणार?"

"भुते करणार. मुलांच्या हातून करविणार, आणि मुलांस खाऊ घालणार."

दरबारात एकच कुजबूज जाहली, आणि गोमाजीने कानांवर हात ठेविले. परंतु राजांनी बहुत दिवसांनी राणीसाहेबांच्या आवाजात बळ ऐकिले होते, म्हणोन मान डोलाविली. मग दवंडी फिरली की, चतुर्दशीस दुपारी ज्याच्या घरी लेकरू आहे त्याने लेकरू आणि एक लाल भोपळा घेऊन राजवाड्याच्या चौकात यावे.

चतुर्दशी उगवली, दुपार जाहली, आणि चौकात कोणी आले नाही. दुर्गाऊसाहेब एकट्या मैनाऊस घेऊन बसल्या, आणि आपल्या हाताने भोपळ्याचे डोके कापिले, आणि आतला गर पळीने खरवडू लागल्या. मुदपाकखान्याची मुख्य चिमाआक्का घागरीएवढ्या आवाजाची बाई, ती हे पाहोन बाहेर आली आणि म्हणाली, "सरकार, गर टाकू नका, घारगे तळते! आणि भुते काय नुसत्या भोपळ्याची होतात?" मग तिने तांदळाची उकड काढिली, आणि तिची पांढरी डोकी वळिली, आणि डोळ्यांच्या जागी मिरे बसविले, आणि कडबोळ्यांस हाडांचा आकार दिला, आणि कोकमाचे सार वाडग्यांत ओतून "हे रक्त" म्हणोन मांडिले. तळणाचा वास तटावरून गावात गेला. प्रथम येळोजी हवालदार आपल्या जुळ्या मुली घेऊन आला, कारण त्या ऐकेनात. मग शिंपी आला आणि काळ्या घोंगडीच्या चिंध्यांची वटवाघळे करू लागला, मग कुंभार, मग कोष्टी, आणि चौकात पाय ठेवावयास जागा उरली नाही. मुलांनी भोपळ्यांस वाकडे डोळे आणि करवती दात कोरिले, आणि एकमेकांस भिवविले, आणि येळोजी हवालदार स्वतःच्या मुलीच्या भोपळ्यास दचकून सारात बसला, तेव्हां असा हशा उठला की राजे सदरेवरून उठोन पाहावयास आले.

मैनाऊ मात्र एका बाजूस बसली. चिमाआक्काचा हात धरून तिने सुरी चालविली, आणि भोपळ्यास गोल डोळे केले, आणि कानापर्यंत हसरे तोंड केले, आणि वरल्या ओळीत मधोमध एका दाताची जागा रिती ठेविली. हवालदाराची मुलगी म्हणाली, "असलं कसलं भूत? हे तर हसतंय."

मैनाऊ म्हणाली, "हा दादा आहे. त्याचा दात पडला होता. तो भूत झाला असेल तर असाच झाला असेल ना?"

राजे खाली बसले आणि त्या भोपळ्याच्या गालास हात लाविते जाहले, आणि सर्वांदेखत रडले. मग एक कोष्टीण पुढे आली आणि आपल्या भोपळ्यास गेलेल्या मुलीसारखी खळी कोरू लागली, आणि मग दुसरी उठली, आणि मग तिसरी.

गोमाजी चौकात पळून आलेल्या नातीस ओढून न्यावयास आला होता, तो दाराशीच उभा. दुर्गाऊसाहेब म्हणाल्या, "गोमाजी, आत या." तो म्हणाला, "राणीसाहेब, मी लबाडी केली नाही. माझा नातू गेला. तो चिंचेवर तरी असावा, असं मला वाटत होतं." राणीसाहेबांनी सुरी आणि भोपळा त्याजपुढे सरकविला, आणि म्हातारा मांडी घालून बसला.

दिवेलागणीस भोपळ्यांत पणत्या ठेविल्या, आणि मुले ते उचलोन वाजतगाजत वेशीवर गेली, आणि चिंचेखाली रांगेने मांडिले. काही उतरले नाही. मैनाऊने उकडीचे एक भूत दादापुढे ठेविले, दुसरे आपण मिऱ्यांसकट खाल्ले, आणि तिखट लागले म्हणोन घारगा मागितला, आणि मग आणखी एक.

येणेप्रमाणे आश्विन वद्य चतुर्दशीची मोहीम फत्ते जाहली. त्या सालापासून राज्यात लोक गेलेल्या लेकरांची नावे घरोघर मोठ्याने घेऊ लागले. जाहले ते लिहिले, वाचणारांच्या लेकरांस उदंड आयुष्य असो.