पोकळींतल्या इलेक्ट्रॉनाची हकिकत

ज्या पोकळीनें अवघ्या सृष्टीस जागा दिली तिजला आधीं दंडवत, मग गणरायास, मग वाचणारांस. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आषाढ शुद्ध पंचमीपासोन आश्विन शुद्ध दशमीपावेतों आमचे राज्यांत जें घडलें तें सेवकानें डोळां पाहिलें तैसें लिहिलें असे. राज्याचें नांव विचारूं नये. सांगितल्यास दिवाणजी आमची चामडी लोळवतील.

राज्यांत खत करण्याची थोर भट्टी होती. खतास हवेंतला नायट्रोजन लागे, आणि हा नायट्रोजन म्हणजे महा हटवादी. त्याचे दोन अणु एकमेकांस ऐसी मिठी मारून बसतात कीं सोडवितां सोडवितां घाम फुटावा. ती मिठी सोडवावयास पोलादी रांजणांत लालबुंद ताप आणि भयंकर दाब देत असत. गतवर्षीं तो रांजण फुटला आणि भट्टीचे मुख्य सटवाजी नाईक यांचा धाकटा भाऊ परसोजी आणि आणिक सहाजण जागच्या जागीं ठार जाहले. मग भट्टी थंड पडली आणि खतावांचोन शेतें पिवळीं पडलीं आणि महाराजांनीं हुकूम फर्माविला कीं, मंद आंचेवर नायट्रोजनाची मिठी सोडवील ऐसा दगड दसऱ्यापावेतों शोधावा. न सांपडल्यास रांजण पूर्ववत पेटवावा आणि सटवाजीचे माणसांनीं पूर्ववत आंत जावें. सटवाजीनें मुजरा केला, परंतु त्याचे तोंडचें पाणी पळालें तें आम्हीं पाहिलें.

शोधाचें काम गणितशाळेच्या मुख्य म्हाळसाबाई यांजकडे आलें. बाई मोठ्या करारी. त्यांचे दप्तरीं साठ हजार स्फटिकांच्या याद्या, आणि शाळेंतलें गणकयंत्र एकेका स्फटिकांत इलेक्ट्रॉन कोठें कोठें बसले आहेत तें काढोन देई. बाईंस ऐसा दगड पाहिजे होता कीं जो आपला इलेक्ट्रॉन सहजीं काढोन देईल, कां कीं परका इलेक्ट्रॉन पदरीं पडला म्हणजे नायट्रोजनाची मिठी ढिली होते. आणि शाळेचा रिवाज ऐसा कीं प्रत्येक इलेक्ट्रॉन कोण्या तरी अणूचे नांवें चढवावा, आणि दोन अणूंमधील पोकळींत जें कांहीं दिसेल तें गणिताची धूळ समजोन झाडून टाकावें. हा रिवाज खुद्द बाईंनीं घातला होता. त्या रिवाजानें यंत्र झपाट्यानें चाले, म्हणोन शाळेंत त्याची मोठी वाहवा. आषाढ गेला, श्रावण गेला, दगड कांहीं सांपडेना. सटवाजी रोज दुपारीं येऊन शाळेचे उंबऱ्याशीं बसे आणि रोज तेंच विचारी, "बाई, कांहीं लागलें का हातीं?" आणि बाई मान हालवीत.

भाद्रपद वद्य षष्ठीस बाई एक कागद मोठ्यानें वाचीत होत्या. "दोन अणूंनीं दोन दोन इलेक्ट्रॉन दिले. तिसऱ्यानें तीन घेतले. धूळ झाडली. दगड निरुपयोगी." तों सटवाजी उंबऱ्यावरोन म्हणाला, "बाई, चार दिले आणि तीन घेतले, मग एक कोठें गेला?" बाई म्हणाल्या, "नाईक, तो हिशेबांत धरीत नाहींत." सटवाजी उठोन उभा राहिला. म्हणाला, "तुमच्यांत धरीत नसतील. आमचे भट्टींत चौघे गेले आणि तिघे आले तर आम्ही दार लावीत नाहीं. चौथा सांपडेपावेतों कोणी घरीं जात नाहीं." हें ऐकतां बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. आणि मग त्यांनीं रिवाज बाजूस ठेवोन यंत्रास आज्ञा केली कीं अणु सोड आणि पोकळी पाहा.

आतां जें पडद्यावर उमटलें तें कसें सांगावें! आम्हां म्हाताऱ्यांचे अंगावर कांटा आला. थरावर थर अणूंचे, आणि दोन थरांमध्यें जेथें कांहींच नाहीं, अणु नाहीं, अणूचा गाभा नाहीं, तेथें तो चौथा इलेक्ट्रॉन ठाण मांडून बसला होता. धातूंत इलेक्ट्रॉन रानोमाळ हिंडतात, तें निराळें. हा तर रिकाम्या जागीं बसोन स्वतःच ऋण अणूचें काम करीत होता. कोणाचा बांधील नाहीं, म्हणोन मागेल त्याजपाशीं जावयास तयार! ऐशा पदार्थांस विद्वान इलेक्ट्राइड म्हणतात. शाळेंतले सारे तोंडांत बोट घालोन उभे राहिले आणि सटवाजीनें पागोटें काढोन पडद्यास नमस्कार केला.

मग दगड सिद्ध केला. त्यास हवा सोसवेना, म्हणोन बंद पात्रांत केला, आणि वर धातूची बारीक पूड बसविली, आणि दसऱ्याचे दिवशीं महाराजांसमक्ष नायट्रोजन व हायड्रोजन त्यावर सोडिले. आंच मंद, दाब थोडका. घटका गेली आणि नळींतोन खताचें मूळ जो अमोनिया त्याचा ऐसा भपकारा निघाला कीं महाराजांपासोन चोपदारापावेतों सर्वांचे डोळे गळूं लागले. महाराज आनंदोन म्हणाले, "बाई, शाबास! शालजोडी आणा रे!"

बाई म्हणाल्या, "महाराज, शालजोडी नको. हा दगड आम्हांस नवा सांपडला नाहीं. तो आमचेच यादींत होता. माझेच रिवाजानें आम्ही त्याचा चौथा झाडून टाकीत आलों."

सटवाजी पुढें आला आणि हळूच विचारिता जाहला, "किती वर्षें होता, बाई?"

दिवाणजींनीं बाईंस डोळ्यांनीं खुणाविलें. बाईंनीं तिकडे पाहिलें नाहीं. म्हणाल्या, "अकरा वर्षें, नाईक. परसोजी जिवंत होता तेव्हांपासोन."

आम्हांस वाटलें, आतां सटवाजी बाईंचे अंगावर धांवोन जातो. मग तो म्हणाला, "बाकीचे दगड फिरोन कधीं तपासतां?" बाई म्हणाल्या, "आजपासोन." तो म्हणाला, "मी येऊन बसतों." आणि बाईंस तेथेंच हुंदका आला.

एकूण वर्तमान इतकेंच कीं, भट्टी मंद आंचेवर चालते, शेतें हिरवीं जाहलीं, भट्टींत कोणी दगावला नाहीं, आणि साठ हजार याद्या पोकळीसुद्धां फिरोन तपासणें चालू असे. आणिक सत्तावीस दगड सांपडले. परसोजी सांपडला नाहीं. हें लिहिणार सेवक त्याच शाळेंतला, धूळ झाडणारांपैकींच एक.