शेवाळाचा धडा

शेवाळसर मीटिंगला निघाले तेव्हा बायकोनं दारातच बजावलं, "अहो, मुलं बोलायला लागली की मध्ये तोंड घालू नका. नुसती मान डोलवा."

विद्यापीठानं यंदा ठरवलं होतं की अभ्यासक्रम शिक्षकांनी एकट्यानं आखायचा नाही. विद्यार्थ्यांना शेजारी बसवून, बरोबरीनं आखायचा. वनस्पतिशास्त्र विभागात या कल्पनेसाठी सगळ्यात जास्त भांडले होते ते सरच. शेवाळावरचा धडा ते इतकी वर्षं शिकवत आले होते की नव्या मुलांना 'शेवाळ' हे त्यांचं आडनावच वाटायचं.

मीटिंगमध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूनं दुसऱ्या वर्षाची एक मुलगी उठली. वर्ग तिला 'शंका' म्हणायचा.

"सर, राग मानू नका, पण शेवाळाला बारा तास जरा जास्तच होतात."

'जास्त कसे?' सरांच्या अगदी ओठांवर आलं. पण पोरीला बोलू द्यावं, म्हणून त्यांनी मान डोलावली.

"सरांना पटतंय," विभागप्रमुख बाई म्हणाल्या. "सहा करू?"

"सहा तासही कुणी जागं राहत नाही, बाई."

हे मात्र सरांना नवीन होतं. ते खरोखरच विचारात पडले. आणि विचारात पडले की त्यांची मान आपोआप हलायची.

"मग काढूनच टाकू या?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

सर 'थांबा' म्हणायला उठले. उठले मात्र, तोच टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वतःहून उभं राहून स्वतःचा धडा सोडणारा शिक्षक आजवर कुणी पाहिला नव्हता. सगळ्यात जोरात टाळ्या शंका वाजवत होती आणि तिचे डोळे पाणावले होते. आता 'मला तसं म्हणायचं नव्हतं' हे कुठल्या तोंडानं सांगणार? सर "धन्यवाद" म्हणून खाली बसले.

गोष्ट तिथंच मिटली असती. पण बाईंनी ती इतर विभागांत सांगितली, त्यांनी ती कुलगुरूंच्या कानावर घातली, आणि सरांना मोठ्या सभागृहात भाषणाचं बोलावणं आलं. विषय होता, 'सोडून देण्याची कला'.

"काय बोलणार आता?" बायकोनं विचारलं.

"न सोडलेल्याबद्दल बोलायचं म्हणजे कलाच लागेल," सर म्हणाले.

आपण काय सोडलं ते आधी सांगावं, म्हणून व्यासपीठावर त्यांनी शेवाळापासून सुरुवात केली. मुळं नसताना ते दगडाला कसं धरून राहतं, वाळून कोळ झालं तरी दोन थेंबांनी कसं पुन्हा हिरवं होतं. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरून हात मोडला, तेव्हा पडल्या पडल्या नाकासमोर एक इवलंसं जंगल कसं दिसलं, आणि रडायचंच कसं राहून गेलं. सर सांगत गेले. मूळ विषयाकडे ते परत आलेच नाहीत, आणि कुणी आठवणही करून दिली नाही.

दुसऱ्या दिवशी शंका त्यांच्या खोलीत हजर. "सर, वर्गात तुम्ही हे कधीच सांगितलं नाहीत."

"मग काय सांगायचो?"

"व्याख्या. मग सोळा मुद्दे. मग आकृती."

"परीक्षेत तेच यायचं ना गं."

"तेच तर! पण आता आम्ही धडा परत घेतोय. बारा तास, वीस गुण. बाई तयार आहेत."

 सरांना गेलेलं सगळं जसंच्या तसं परत मिळत होतं, नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश. सोळाही मुद्दे अजून तोंडपाठ होते. त्यात विहीर कुठंच नव्हती.

"दोन तास पुरेत," ते शेवटी म्हणाले. "गुण नकोत. आणि वर्गातही नको."

"गुण नाहीत तर येणार कोण, सर?"

"ते मलाही बघायचंय. बस, कसं शिकवायचं ते दोघं मिळून ठरवू."

ठरल्या दिवशी प्रयोगशाळेमागच्या ओलसर भिंतीपाशी सर भिंगांचा डबा घेऊन वेळेआधीच उभे राहिले. मुलं आली. फार नाही, पण भिंत भरली. सगळे खाली बसून भिंतीला डोळे लावताच सर घसा खाकरून म्हणाले, "तर, शेवाळ म्हणजे..."

"शू!" शंका मागं न बघताच म्हणाली.

 थोडा वेळ सरांना नुसत्या पाठी दिसत राहिल्या. मग कटकन गुडघे वाजवत तेही खाली बसले आणि उरलेलं भिंग घेऊन भिंतीशी वाकले. असं बसून किती वर्षं झाली होती, ते त्यांना आठवेना.

"जरा सरका ना," शेजारून कुणीतरी वर न बघता म्हणालं, "उजेड अडतोय."

सर सरकले.