उघड्या ठोकळ्यांची हकिकत

श्रीगजवदन प्रसन्न असो, सरस्वती जिव्हेवर बसो आणि लिहिणाराचे हातून पदरचे काही न पडो. शके १९४६, माघ मास, क्रोधी नाम संवत्सर. नाव क्रोधी, परंतु त्यात वर्तले ते मोठे गोड, म्हणोन लिहिले असे.

कोणे एके राज्यी महाराजांनी नवी कचेरी उभारिली आणि पुढील अंगणात काही शोभा असावी ऐसे मनी आणिले, आणि कारभारी भगवंतराव यांनी घोडा सुचविला, कारण त्यांस सर्वत्र घोडाच सुचत असे. महाराज म्हणाले, घोडे पुष्कळ जाहले, आणि कालिंदीबाई म्हणून शिल्पकार होत्या त्यांस पाचारण केले. बाई आल्या आणि तीन दिवस रिकाम्या अंगणात बसून ऊन कोठून कोठे जाते ते नुसते पाहत राहिल्या, आणि मग म्हणाल्या की मजला काँक्रीटचे छत्तीस ठोकळे पाहिजेत, सारे एका मापाचे, आणि एक चांगला गवंडी पाहिजे. मग तुळाजी गवंडी नेमून दिला. हा तीस वर्षे राज्याची कामे करीत आलेला, हाताचा सच्चा, बोलण्यास थोडका. त्याने लाकडी फळ्या जोडून साचे केले आणि काँक्रीट भरिले आणि ठोकून ठोकून आतील हवा काढिली, आणि मग एकवीस दिवस ओली पोती पांघरून ठोकळ्यांस तान्ह्या लेकरासारखे पाणी पाजिले. मग बाईंनी सहा खांब रचविले, एकेका खांबात सहा ठोकळे, आणि दोन खांबांमध्ये वीतभर फट. ना सिंह, ना वेलबुट्टी, ना कोणाचे नाव. परंतु सकाळी त्या फटींतून उन्हाच्या पाच पट्ट्या अंगणात उतरत आणि दिवसभर सरकत जात, आणि ठोकळ्यांच्या अंगावर फळ्यांच्या रेषा, गाठीसुद्धा, जशाच्या तशा उमटल्या होत्या. आम्ही स्वतः पाहिले. पाहता पाहता जेवणाची वेळ टळली, घरी बोलणी खाल्ली, तरी पस्तावा नाही.

आता तुळाजीकडून चूक घडली ती ऐशी. महाराज पाहावयास येणार त्याचे आदल्या दिवशी बाई जेवावयास गेल्या आणि तुळाजीस चैन पडेना. गिलाव्याविना काम सोडणे म्हणजे गवंड्याने अब्रू उघड्यावर टाकणे. गिलावा करा ऐसे बाई भिडेने बोलत नाहीत, ऐसे त्याने मानिले, आणि बारीक रेती चाळून एका कोपऱ्यातील ठोकळ्यास असा गिलावा केला की आरसा मागे सरावा. बाई परत आल्या, पाहिले, रागावल्या नाहीत. इतुकेच पुसिले, “तुळाजीदादा, हा ठोकळा कोणाच्या हातचा?”

“माझ्याच की, बाई.”

“त्यात काही खोट होती?”

“न्हाई. एक बुडबुडा दावा.”

“मग झाकलात कशाला?”

तीस वर्षांत हे तुळाजीस कोणी पुसिले नव्हते. मग त्याने ओला गिलावा आपल्याच थापीने खरवडला आणि ओल्या पोत्याने ठोकळा पुसून लख्ख केला.

दुसरे दिवशी स्वारीच्या आधी कारभारी आले आणि त्यांनी उघडे काँक्रीट पाहिले. काम अर्धवट राहिले ऐसे समजून त्यांनी आज्ञा केली की घटकाभरात फटी बुजवून सर्वांस गिलावा करणे, न केल्यास तुळाजीने चाकरी सोडणे. बाईंनी परोपरीने समजाविले, ऐकले नाही. मग सारे तुळाजीकडे पाहू लागले. तुळाजीने थापी जमिनीवर ठेविली आणि बोलिला, “कारभारी, चाकरी घ्या माझी. पर ह्यावर थापी चालायची न्हाई. जल्मभर झाकतच आलो.”

हे बोलणे महाराजांचे कानी पडले, कारण स्वारी तेव्हाच दारात उतरली होती. महाराज पुढे जाहले आणि ठोकळ्यावरून हात फिरविला आणि लाकडाची गाठ बोटास लागली तेथे थांबले, आणि मग पाचही पट्ट्यांतून एकेक पाऊल टाकीत चालले. मग तुळाजीस पुसिले की आमच्या राज्यात तुझे काम आणखी कोठे आहे? तुळाजीने अदबीने सांगितले, जुनी शाळा, दवाखाना, धान्याची कोठारे, आणि हुजुरांचा बसावयाचा महाल. महाराज चकित जाहले. ठोकळे आहेत तैसेच ठेवावे आणि तुळाजीची चाकरी कायम, ऐसे फर्मावून ते तडक महालात गेले, आणि आपल्या बैठकीमागील भिंतीचा हातभर गिलावा काढविला. आत विटांचे थर ओळंब्यास केसभर ढळले नव्हते, सांधे सारखे, जेथे कोणी कधी पाहणार नाही तेथेही. महाराज म्हणाले, “वीस वर्षे या भिंतीला पाठ टेकून बसलो.”

ऐसे वर्तले. ती जागा पुन्हा लिंपिली नाही. अंगणात छत्तीस ठोकळे आणि महालात हातभर भिंत, इतुके तुळाजीचे काम त्या राज्यात दिसते. बाकीचे दिसत नाही, परंतु उभे आहे.